दुसरा खिळा

रेणुप्रसादच्या गच्चीची चावी
सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे असते.
बुधवारी कुंदा पाठारे ती मागायला आल्या,
हातात संध्याकाळच्या दुधाच्या पिशव्या.
"उद्या पहाटे तीन-चाळीसला
एक दगड जायचाय," म्हणाल्या,
जसं सांगावं की उद्या
गॅसवाला यायचाय.

पाणीखात्यात बत्तीस वर्षं ट्रेसिंग काढलेली बाई.
कुठल्या रस्त्याच्या पोटात कुठला पाइप,
कुठे व्हॉल्व्ह रुसतो,
कुठे बिडाचं जुनं वळण अजून तग धरून आहे,
सगळं तोंडपाठ.
आता त्याच कागदांच्या पाठीवर
त्या लघुग्रहांच्या वाटा काढतात.

मला समजेना, तेव्हा त्यांनी पोळपाट घेतला,
दोन खिळे ठोकले (पोळपाटाला!),
दोऱ्याचा फास सैलसर टाकला,
आणि पेन्सिल ताणून फिरवली.
अंड्यासारखं काहीतरी उमटलं.
"या खिळ्यात सूर्य."
आणि त्या?
"तिथे कोणी नाही."
थोडं थांबून: "तो उपटलात तर नुसता गोल होतो.
मग हा इकडे फिरकतच नाही."

पहाटे गच्चीवर आम्ही सात जण.
शेणॉयांचा प्रथमेश, ज्याचा सकाळी गणिताचा पेपर;
वॉचमन रामसुरत, स्वतःची खुर्ची घेऊन;
तळमजल्याचे बावडेकर, मफलर गुंडाळून, शंकेसह:
"पडणार नाही ना?"
"चंद्राच्या दीडपट लांबून जातोय."
"पडला तर बरं, रीडेव्हलपमेंट तरी मार्गी लागेल."
हसलो सगळे. कुंदाताई दुर्बिणीचा स्क्रू
अर्धा आटा फिरवत होत्या.

मिठागरांच्या बाजूला
वडाळ्यात अजून थोडा अंधार शिल्लक आहे,
रेशनवर मिळावा तेवढा.
त्यात दोन तारे, आणि मध्ये एक ठिपका,
ज्याला नावसुद्धा धड नाही:
एक साल, दोन अक्षरं, एक आकडा,
टेम्पोच्या नंबरप्लेटसारखं.
माझी पाळी आली तेव्हा मला काही कळलं नाही.
दुसऱ्यांदा पाहिलं, तर
तो उजवीकडच्या ताऱ्याला चिकटला होता.
"हलला!" प्रथमेश ओरडला,
आणि समोरच्या इमारतीतलं एक कुत्रं भुंकलं.

मग शिवडीकडच्या टॉवरवरल्या क्रेनचा हात
लाल दिवा घेऊन आडवा आला.
आम्ही वाट पाहिली.
हात हलला तेव्हा तिथे
फक्त तारे होते, जिथल्या तिथे.

"परत कधी?" रामसुरतने विचारलं.
"एकतीस वर्षांनी. जूनमध्ये.
तेव्हा ढग असतील," कुंदाताई म्हणाल्या,
आणि झाकण लावलं.

सगळे उतरल्यावर त्यांनी मला विचारलं,
नव्या इमारतीत ही गच्ची कुठे येईल.
बिल्डरचा नकाशा मला पाठ आहे.
पहिले सहा मजले पोडियम.
ही उंची म्हणजे
पार्किंगचा चौथा स्तर, लिफ्टच्या बाजूला.
त्यांनी ते लिहून घेतलं,
दगडाच्या वाटेच्या कडेला, बारीक अक्षरात:
निरीक्षणस्थळ, पार्किंग, स्तर चार.

संमतीपत्रावर बेचाळीस घरांपैकी
एकट्या त्यांचीच सही राहिली होती.
खिशातून काढलं, तर तिथेच,
टाकीच्या कठड्यावर ठेवून केली.
पेन्सिलीने.
म्हटलं, ताई, शाई लागते.
"नवं निरीक्षण आलं की
कक्षा सुधारावी लागते," म्हणाल्या.
मी पेन दोनदा पुढे केलं.

साडेपाचला टाकीत पाणी पडू लागलं.
त्यांनी मान कलती केली, डोळे मिटले,
आणि ऐकत राहिल्या
ते कुठल्या रस्त्याखालून येतंय.